घुमटाला पाजलेलं पाणी

आमच्या गडावर पहिल्यांदा येणारा माणूस हमखास चुकतो तो चुन्याच्या घाणीपाशी. तीनशे अकरा पायऱ्या चढून त्याला धाप लागलेली असते, आणि मठाच्या दरवाजाच्या अलीकडे जमिनीत एक गोल दगडी चर दिसतो. चरात कमरेएवढ्या उंचीचं दगडी चाक उभं आहे. "हा बघा जुन्या काळचा तेलाचा घाणा," असं तो बायकापोरांना ठणकावून सांगतो आणि चाकाला टेकून फोटो काढून घेतो. मी शेजारच्या कट्ट्यावर बसलेली असते. पस्तीस वर्षं पायथ्याच्या गावात शाळा शिकवली. चुकीचं उत्तर ऐकून गप्प बसणं मला अजून जमत नाही.

"तेल नाही हो, चुना," मी म्हणते. "मागच्या पायवाटेने रेडा वर आणायचे आणि तो दिवसभर ह्या चरात फिरायचा. आत पुढे जे काही दिसणार आहे, ते सगळं इथे दळून निघालंय."

निवृत्त झाल्यापासून दर रविवारी मी वर असते. मला कुणी नेमलेलं नाही, त्यामुळे कुणी काढूही शकत नाही. लिंबागणेशचा गणपती करून लोक इकडे वळतात, तोवर उन्हं चढलेली असतात, आणि अर्ध्यांचं लक्ष मठापेक्षा महाप्रसादाच्या भाताकडे असतं. तरी दहातले दोन तरी ऐकतात. शाळेतही साधारण तेवढेच ऐकायचे.

मठ किती जुना, हे मला विचारू नका. शिलालेख नाही, सनद होती म्हणतात ती वाळवीने खाल्ली म्हणतात. गावातल्या निम्म्या लोकांच्या मते तो पांडवांनी एका रात्रीत बांधला. पांडवांना दुसरी कामं नव्हती काय? आणि एका रात्रीत बांधला असता तर उत्तरेची भिंत अशी दोनदा थांबून वाढली नसती. मी लोकांना ती भिंत दाखवते. खाली हातभर लांबीचे घडीव काळे दगड, सांध्यात चुन्याचं बोटही नाही, नुसते एकमेकांवर बसवलेले. छातीच्या उंचीनंतर दगड लहान होत जातात, ओबडधोबड, चुन्यात बसवलेले. आणि अगदी वर विटा. म्हणजे आधी हात सैल होता, मग दिवस बिकट आले, आणि पुढे कधीतरी कुणीतरी पुन्हा नेटाने काम काढलं. पिढ्यान् पिढ्या गेल्या असतील. ती भिंत बघितली की मला त्या न पाहिलेल्या माणसांचा अभिमान वाटतो. अर्धवट काम टाकून गेले नाहीत.

दरवाजाची कमान मात्र एकाच उस्ताद हाताची आहे. बीडच्या जुन्या वेशीची कमान ज्याने बघितली असेल त्याला ही लगेच ओळखू येते. टोकदार, दोन्ही बाजूंनी एकसारखी चढत गेलेली. निजामाच्या राज्यातले मिस्त्री, बहुतेक मुसलमान, बीडहून चालत येऊन इथे महिनोन्महिने राहिले असणार. दरवाजाच्या आत दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या. मग चौक, चौकाच्या तिन्ही बाजूंना ओवऱ्या. ओवऱ्यांमध्ये अजूनही साधू मुक्काम करतात, आणि पावसात अडकलेली मेंढपाळांची बिऱ्हाडंही. पायथ्याला माणूस कुणाचा कोण हे विचारलं जातं, वर कधी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.

चौकाच्या पश्चिमेला डोंगराचा कडा आहे आणि कड्यात पहिल्या गोसाव्याची गुहा. तिच्या तोंडाशी त्याची समाधी, आणि समाधीवर जी खोली बांधली आहे, तिच्यावर घुमट. मी ज्या घुमटासाठी हे लिहायला बसले तो हाच.

ही खोली चौकोनी आहे आणि वरचा घुमट गोल. चौकोनाचा गोल कसा झाला? चौथीच्या वर्गाला मी दरवर्षी इथे आणायचे आणि हाच प्रश्न घालायचे. पोरं माना मोडेस्तोवर वर बघायची. चारही कोपऱ्यांत एकेक छोटी कमान टाकली आहे, म्हणजे चाराचे आठ कोन झाले. त्या आठांवर आणखी लहान कमानी, म्हणजे सोळा. आणि सोळा कोन इतके बोथट होतात की त्यावर विटांचं कडं सहज बसतं. मग कड्यावर कडं, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडं लहान, असं करत करत वर एका विटेत सगळं मिटलेलं. लोखंड नाही, लाकूड नाही. भर वैशाखात बाहेर डोकं तडकत असतं आणि आत मांडीवर पदर ओढून घ्यावासा वाटतो. सकाळी पूर्वेच्या झरोक्यातून उन्हाचा एक कवडसा समाधीवर येतो, तासभर सरकतो आणि जातो. मी शेकडो वेळा बघितलाय, अजून पोट भरलेलं नाही.

आता पाण्याचं. गडावर पाण्याचा झरा नाही. पायथ्याला बारव आहे, चारी बाजूंनी पायऱ्या असलेली, पाणी गोड. जुना नेम असा की वर जाणाऱ्याने बारवेतून पाणी भरून न्यायचं आणि मठातल्या टाक्यात ओतायचं. गोसावीबाबा येणाऱ्याकडून फक्त पाणी मागायचे, अशी कथा आहे. मला ती आवडते, पण माझा अंदाज वेगळा आहे. चुन्याचं काम महिनाभर ओलं ठेवावं लागतं, नाहीतर ते धरत नाही. एवढं पाणी वर कोण नेणार? तेव्हा कुणातरी शहाण्या बाबाने ते पुण्यात घातलं. बारवेला मोटार लावायची नाही, पाणी माणसाच्याच हाताने चढायचं, हाही नेम. वरती बोअर घेतला आहे, पण त्याचं पाणी मचूळ. भांड्यावर पांढरे डाग पडतात. अलीकडे लोक बाटलीभर पाणी नेतात, चार थेंब समाधीवर शिंपडतात आणि उरलेलं पिऊन टाकतात.

हा घुमट पंधरा वर्षांपूर्वी मी बिघडवला.

तेव्हा दोन पावसाळे घुमट थोडा ठिबकत होता. आमच्या पायथ्याच्या वस्त्यांवरची बहुतेक माणसं ऊसतोडीला जातात. दसरा झाला की मुकादमाच्या गाड्या येतात आणि गाव रिकामं होतं ते थेट चैत्रापर्यंत. मी ठरवलं, गाड्या यायच्या आत श्रमदानातून काम उरकायचं. जुने महंत आजारी होते, त्यांनी सगळं माझ्यावर सोपवलेलं. बीडहून एक मिस्त्री बोलावला. त्याच्या वडिलांनी आणि आजोबांनीही ह्या मठाचं चुन्याचं काम केलेलं. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. ते घुमटावर चढले, थापीने इथेतिथे ठोकून कान लावून ऐकलं आणि खाली उतरले.

"बाई, घुमट एकदम ठीक हाय," ते म्हणाले. "वरचा चुना जुना झाला. तो काढू, नवा लावू, महिनाभर पानी देऊ."

"महिनाभर? तीन दिवसांनी गाड्या येणार. पाणी कोण देणार?"

"मग दसऱ्याच्या आदी नका करू. पुढच्या साली चैतात मानसं आली की चुना भिजवू, पावसाळा सरला की लावू."

"तोवर आणखी एक पावसाळा ठिबकू द्यायचा? चाचा, आम्ही सिमेंट लावतो. दोन दिवसांचं काम."

"सिमेंट नका लावू बाई. ह्या घुमटाला सास घ्यावा लागतो. सिमेंटनं त्याचं तोंड बंद होतं. पानी आत गेलं तर भाईर येनार कुठनं?"

भोवती साठसत्तर माणसं घमेली घेऊन उभी होती. मला वाटलं, हा म्हातारा माझं चाललेलं काम मोडतोय. मी मोठ्याने म्हणाले, "चाचा, घुमटाला पाणी पाजत बसायला इथे रिकामं कोण आहे? तुमचा चुना आता म्युझियममध्ये ठेवा." सगळे हसले. चाचाही हसले. थापी फडक्यात गुंडाळली आणि पायऱ्या उतरून गेले. त्यांना मी चहासुद्धा विचारला नाही, हे मला पार दुपारी आठवलं.

दोन दिवसांत सिमेंट चढलं. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली, ज्या आता तोडीला जात होत्या, डोक्यावर घमेली घेऊन पायऱ्यांवर ओळीने उभ्या राहिल्या. त्यातली एक, चौथीत घुमटाचे सोळा कोन सगळ्यांत आधी मोजून दाखवणारी आणि पाचवीतच शाळा सुटलेली, तिने सगळ्यांत जास्त खेपा केल्या. तिसऱ्या दिवशी सगळे उसाला गेले. पुढे गावाने मला श्रमदानासाठी शाल-श्रीफळ दिलं; सिमेंट कुणी ठरवलं हे कुणी विचारलंही नाही. घुमट ठिबकायचा थांबला आणि मी वर्षानुवर्षं ते मिरवलं.

मग आतून पोपडे सुटायला लागले. आधी तळहाताएवढे, मग ताटाएवढे. विटांना लोणा लागला, पांढरी भुकटी समाधीवर पडायला लागली. सिमेंटला केसासारख्या भेगा गेल्या होत्या, त्यातून पाणी आत जात होतं आणि आतच कोंडून राहत होतं. चाचांनी सांगितलेलं शब्दाशब्दाने खरं झालं. दोन वर्षांपूर्वी वैशाखात एका कोपऱ्यातल्या कमानीची वीट निखळून पडली. सुदैवाने खाली कुणी नव्हतं. नव्या महंतांनी खोलीला कुलूप घातलं आणि चौकात सगळ्यांना बोलावून सांगितलं, "घुमट उतरवायचा. स्लॅबचा नवा घालू, वरून टाइल. लोकांच्या जिवाशी खेळ नको."

त्यांचं काही चुकत नव्हतं. तरुण माणूस आहे, चार वर्षांपूर्वी गादीवर आला, त्याला घुमट म्हणजे जबाबदारी दिसत होती. मी म्हणाले, "महाराज, मला एक वर्ष द्या." त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "पुढच्या शिवरात्रीपर्यंत. तोवर वर ताडपत्री घाला. शिवरात्रीला घुमट भक्कम नसेल, तर दुसऱ्या दिवशी मजूर चढतील."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी बीड गाठलं. चाचांचा मुलगा मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज चालवतो. गॅरेजच्या सावलीत बाकावर चाचा बसलेले, ऐंशीच्या घरातले, डोळ्यांना जाड भिंगं. मी वाटेत काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं. त्यांनी मला बघितलं आणि आधी पोराला हाक मारली, "च्या सांग. बाई गडावरनं आल्यात." चहा येऊन संपेपर्यंत त्यांनी मला कामाचं बोलूच दिलं नाही.

मग मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आत्ता न्हाई जमनार. उन्हात चुना फाटतो. चुनकळी आनून हौदात भिजत घाला, चार महिने. हिरडा, बेलफळ, गूळ लागंल. दिवाळी झाली की मी येतो."

"चाचा, मी तेव्हा तुम्हाला..."

"विटाची भुकटी बारीक पायजे बाई. जाडी चालत न्हाई," ते म्हणाले आणि त्याच्या पुढे मला जाऊ दिलं नाही.

दिवाळीनंतर ते आले, दोन पुतण्यांना घेऊन. पायऱ्या चढायला त्यांना दोन तास लागले. किती वर्षं गप्प पडलेली घाणी पुन्हा फिरली. रेडा मिळाला नाही, तेव्हा पुतण्यांनीच चाक ओढलं. मी उभी राहून बघितलं. चुन्यात विटेची भुकटी, वाळू, बेलाचा गर, हिरड्याचं पाणी पडत गेलं आणि त्या राखाडी लगद्याला लोण्यासारखी चकाकी आली. चाचा चिमूट उचलून दोन बोटांत चोळायचे आणि म्हणायचे, "अजून." दुपारपर्यंत अजूनच चाललं होतं. एवढ्या साध्या वस्तूंतून एवढं टिकाऊ काही होतं, याचं मला लहान मुलासारखं नवल वाटलं.

आधी चाचांनी कमानीची निखळलेली वीट बसवली. मग सिमेंट छिन्नीने काढायला आठ दिवस लागले. एका दुपारी महंत आणि गावातली चारपाच जाणती मंडळी खाली उभी होती. सिमेंटचा मोठा खपला धाडकन चौकात पडला, त्याला जुन्या विटेचा पापुद्राही चिकटून आला. एक जण म्हणाला, "कुनी केली ही अवदसा?" दुसरा म्हणाला, "कोन, ऊसतोड्यांनी. गाड्या यायच्या म्हून घाईघाईत थापून गेले अन् बसले उसाच्या फडात." सगळ्यांनी माना डोलावल्या. महंतांनीही.

मी तिथेच होते. माझ्या कपाळावर काही लिहिलेलं नव्हतं. जुने महंत वारले, शाल-श्रीफळाचा फोटो शाळेच्या कपाटात पडलेला, आणि त्या दोन दिवसांना साक्षी असलेली माणसं सगळी त्या वेळी कर्नाटकाच्या सीमेवर ऊस तोडत होती.

घुमटावरून चाचांनी खाली बघितलं. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. "कुनाचं काय न्हाई," ते वरून म्हणाले. "त्या साली पाऊस लई होता. जे सुचलं ते केलं."

त्यांनी मला वाचवलं. मला हायसं वाटलं, आणि पाठोपाठ स्वतःची अशी लाज वाटली की मी पाणी प्यायचं निमित्त करून ओवरीत जाऊन बसले. पस्तीस वर्षं पोरांना मी सांगत आले होते, फळ्यावर चुकलात तर स्वतःच्या हाताने पुसा. तरी त्या दिवशी मी गप्प राहिले. दुसऱ्या दिवशीही.

मार्गशीर्षात नवा चुना घुमटावर चढला, लाकडी थापीने ठोकून ठोकून बसवलेला. चाचा म्हणाले, "आता खरं काम. तीस दिवस. सकाळ-संध्याकाळ भिजला पायजे. बोअरचं पानी चालनार न्हाई, त्यात खार हाय, पुन्ना लोणा धरंल. बारवचंच पायजे." पोती अंथरून घुमट झाकला. रोज निदान साठ कळश्या लागणार होत्या. आणि गावात उरली होती म्हातारी माणसं. मी दिवसाला दोन कळश्या चढवत होते, गुडघे माझे नव्हतेच जणू. पुतणे, मठातले दोन साधू आणि आम्ही तीनचार म्हाताऱ्या मिळून कशाबशा तीस कळश्या होत. चौथ्या दिवशी घुमटाच्या दक्षिण अंगाला एक बारीक रेघ दिसली. चाचांनी ती बोटाने चाचपली, थापीने दाबून मिटवली आणि म्हणाले, "पानी कमी पडतंय बाई." शिवरात्र दोन महिन्यांवर होती. पुन्हा भिजवायला चुना उरला नव्हता.

त्या रविवारी मी वर गेलेच नाही. बारवेच्या काठावर गावातून गोळा केलेल्या कळश्या ओळीने मांडल्या आणि तिथेच उभी राहिले. येणाऱ्याला गोसावीबाबांची कथा सांगितली, नेम सांगितला, पुण्य सांगितलं. लोक हात जोडायचे, बाटली भरायचे आणि पायऱ्यांना लागायचे. दुपारपर्यंत कळश्या तशाच.

मग वडवणीकडची दोन जीपभर माणसं आली. एक चांगला धिप्पाड गडी, सोबत त्याची आई, बायको, भाऊबंद. मी पुन्हा सुरुवात केली. घुमट का दुरुस्त करावा लागला, हे त्याने विचारलं. मी म्हणाले, सिमेंटमुळे. तो हसला. "आमी ऐकलंय ते गावात. ऊसतोड्यांनी वाट लावली म्हन. मग त्यांनाच बोलवा की पानी वाहायला. आमी कावून वाहायचं?"

"त्यांनी नाही लावली," मी म्हणाले. "मी लावली."

त्याला कळलं नाही. म्हणून मी पहिल्यापासून सांगितलं. चाचांनी काय सांगितलं होतं, मी त्यांना चारचौघांत काय म्हणाले, सगळे कसे हसले. गाड्या यायच्या म्हणून घाई त्यांची नव्हती, माझी होती. त्या बिचाऱ्यांनी बाईंनी सांगितलं म्हणून घमेली वाहिली. आणि आता वर त्यांच्या नावाने बोललं जातंय आणि मी आठवडाभर ऐकून घेतेय. सांगता सांगता माझा आवाज फाटला. डोळ्यांतलं पाणी मी पुसलं नाही, हातात कळशी होती.

मग त्या गड्याची आई पुढे झाली. चांगली भारदस्त बाई, गुडघे माझ्याच जातीचे असावेत. तिने कळशी पाण्यात बुडवली, कमरेवर घेतली आणि पोराला म्हणाली, "बघतो काय? दोन उचल." दोन्ही जीपमधल्या सगळ्या माणसांनी कळश्या उचलल्या. अर्ध्या वाटेवर पाणी सांडून बायकांच्या साड्या भिजल्या, गडी एकमेकांची टिंगल करत होते, पण एकही कळशी वाटेत टेकवली नाही.

मी त्यांच्या मागून चढले आणि सरळ महंतांपुढे जाऊन तेच पुन्हा सांगितलं. त्यांनी खाली मान घालून ऐकलं आणि विचारलं, "त्या माणसांबद्दल परवा मीही मान डोलावली होती ना?" दुसऱ्या दिवशी पहाटे ते स्वतः कळशी घेऊन पायऱ्या चढताना दिसले. त्यानंतर प्रत्येक येणाऱ्याला मी बारवेवर सगळं सांगत गेले, माझ्या नावासकट. बाटल्या भरणारे होतेच, पण कळशी उचलणारे जास्त निघाले. तिसाव्या दिवशी टाक्यात पाणी उरलं.

शेवटचं काम घोटाईचं. गुळगुळीत गारगोटीने चुना घासत राहायचा, तो आरशासारखा होईपर्यंत. चाचांनी माझ्या हातात गारगोटी दिली. घुमटाच्या पायथ्याला सिमेंटचा एक वीतभर तुकडा अजून निघायचा राहिला होता. मी म्हणाले, "चाचा, एवढा राहू द्या. माझी आठवण म्हणून. लोक बघतील तरी."

चाचांनी भिंगांतून माझ्याकडे बघितलं. "तिथनं पानी शिरंल," ते म्हणाले. "तुमच्या चुकीपायी घुमटाला भोक कावून ठिवू? तुमी तोंडानं सांगा की." आणि छिन्नीच्या दोन घावांत त्यांनी तो तुकडा काढून टाकला.

शिवरात्रीच्या सकाळी महंतांनी कुलूप काढलं. चाचा आत आले, भिंतीला हात लावला, वर सोळा कोनांकडे बघत बराच वेळ उभे राहिले. त्यांचे आजोबा कुठे उभे राहून काम करायचे ते त्यांनी मला दाखवलं. पूर्वेच्या झरोक्यातून कवडसा आला आणि कोरड्या समाधीवर पडला. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

आणि मग चैत्र लागला. मुकादमाच्या गाड्या परत आल्या, वस्त्यांवर चुली पेटल्या. एका रविवारी मी घाणीपाशी कट्ट्यावर बसले होते. पायऱ्यांवरून ती येताना दिसली, माझी सोळा कोन मोजणारी विद्यार्थिनी. आता तिच्याच मुलीचं लग्न झालंय. उन्हाने रापलेली, हातांवर उसाच्या पानांचे ओरखडे, आणि डोक्यावर भरलेली कळशी.

"अगं, आता पाणी लागत नाही," मी म्हणाले. "महिने झाले. चुना वाळला पार."

"ठाव हाय. फोनवर कळलं समदं. तुमी आमचं नाव काढून टाकलं अन् एकटीवर घेतलं म्हन."

"माझंच होतं ते. तुमची काय चूक त्यात?"

ती थांबली. धाप लागली होती, तरी कळशी खाली ठेवली नाही.

"तसं कसं बाई," ती म्हणाली. "तवा सगळ्यात जास्त घमेली मीच नेलती की."

आणि ती दरवाजातून आत गेली, मीही मागोमाग गेले. ती खोलीच्या गच्चीवर घुमटाच्या पायथ्याशी चढली आणि कळशीतलं पाणी सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत, त्याच्यावर ओतलं.